अर्धं मांजर

आजींच्या छातीवरचा बिल्ला सुनेने तिसऱ्यांदा नीट लावला. आधी दोनदा त्यांनी तो काढून पर्समध्ये टाकला होता.

"आई, आता हात लावलात तर मी उठून जाईन हं."

"एकटी कशाला जातेस, मीही येते. चल."

शाळेच्या सभागृहात पहिल्या दोन रांगा माजी सैनिकांच्या होत्या, आणि तिसरी युद्धकाळात त्यांना साहाय्य केलेल्या नागरिकांची. आजींचं डोकं सकाळपासून फिरलं होतं ते कार्यक्रमपत्रिकेतल्या एका ओळीने. 'जखमींच्या कुबड्यांसाठी आपली बाकं स्वखुशीने देणारा तिसरीचा वर्ग.' त्या वर्गातल्या हिंडत्याफिरत्या अशा आता त्या एकट्याच उरल्या होत्या, म्हणून मान त्यांच्याकडे चालून आला होता.

"स्वखुशीने म्हणे. मी बाकाचा पाय धरून बसले होते. सुतार ओढायला लागला तर त्याच्या नडगीवर लाथ घातली. आठ वर्षांची होते, पण बसली चांगली."

"हे स्टेजवर सांगू नका म्हणजे मिळवलं."

"तेच सांगणार. नाहीतर वर जाणारच नाही. फुकटचं श्रेय मला पचत नाही."

सून कपाळाला हात लावणार, तेवढ्यात आजी गप्प झाल्या. आजी आपण होऊन गप्प झाल्या की काहीतरी घडणार, हे सून पंधरा वर्षांत शिकली होती.

समोरच्या सैनिकाने खुर्चीच्या पाठीला एक जुनी लाकडी कुबडी टेकवून ठेवली होती. खालचं रबर नवं होतं, वरची गादी नवी होती, लाकूड मात्र हात लागून लागून काळं पडलेलं. मधोमध काहीतरी कोरलं होतं. आजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सरळ हात घालून कुबडी उचलली.

"अहो आई," सून पुटपुटली.

सैनिक मागे वळला. ऐंशीच्या पुढचा, दाढी गुळगुळीत, कान थोडे मोठे.

"हे मांजर आहे," आजी त्याला म्हणाल्या.

"मांजर?" त्याचा चेहरा उतरला. "मी घरी सगळ्यांना वाघ म्हणून सांगत आलोय, ताई. नातवंडांनासुद्धा."

"मांजरच. मी कोरलंय ना. गणिताच्या तासाला, कर्कटकाने. आठवडा लागला होता. आणि मेल्याने अर्ध्यातून कापलं."

चित्र खोडरबराएवढं होतं. एक कान, मिशा, पुढचे पाय. करवत बरोबर पोटातून गेली होती.

सैनिक खुर्चीत पुरता मागे फिरून बसला. "मागचं अर्धं इस्पितळात माझ्या शेजारच्या खाटेवर होतं. कुबड्या पुरत नव्हत्या, म्हणून एक जोडी फोडून दोघांना एकेक दिली. माझा उजवा पाय गेलेला, त्याचा डावा. त्याच्या वाट्याला शेपूट आलं. तो म्हणायचा उंदीर, मी म्हणायचो वाघ. शेवटी पैज लागली. आता जनावर जुळवून बघायचं तर दोन्ही कुबड्या खेटून धरायला हव्यात. आणि खेटून धरल्या की पाऊल दोघांनी एकदम टाकायला हवं. रोज व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तेच. तसंच चालायला शिकलो आम्ही. डॉक्टरांना वाटलं, त्यांच्या व्यायामाचा गुण."

आजींना हसू आलं आणि हसता हसताच डोळे भरले. साठ वर्षं त्यांना त्या मांजराचं वाईट वाटत होतं, आणि ते तर दोन दांडग्या पुरुषांना फिरवून आणत होतं.

"ते कुठे असतात आता?"

"गेला तो मागच्या वर्षी. मुलाने कुबडी भिंतीला लावलीये. शेपूट झकास वर आहे."

आजींनी आवाज खाली आणला. "पण मी ते बाक दिलं नव्हतं हो. ओढून नेलं माझ्याकडून. रडून शाळा गोळा केली होती मी. आणि इथे छापलंय स्वखुशीने."

सैनिकाने पत्रिका घेतली, लांब धरून ती ओळ वाचली आणि पान उलटून आपल्या नावाखालची ओळही वाचली.

"पाय मी तरी कुठे स्वखुशीने दिला होता?" तो म्हणाला. "माझ्या नावाखालीही तसंच काहीतरी छापलंय."

आजी कुबडीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"एक विचारू, ताई? याला डोळा का नाही? त्यामुळेच तर आमची पैज सुटेना."

"त्याच दिवशी काढणार होते. मधल्या सुट्टीनंतर. सुट्टीतच सुतार आला."

माइकवरून तिसरीच्या वर्गाचा पुकारा झाला. टाळ्या सुरू झाल्या. सुनेने उठून हात पुढे केला आणि पाहते तर आजी बिल्ला काढत होत्या.

"आई, नका ना असं करू."

आजींनी बिल्ल्याची पिन उघडली. कुबडी मांडीवर आडवी घेतली आणि पिनेचं टोक कानाच्या जरा खाली टेकवलं. सैनिकाने पलीकडचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

माइकवरून दुसऱ्यांदा पुकारलं.

"येते म्हणावं," आजी मान वर न करता म्हणाल्या. "डोळा तेवढा राहिलाय."