तळघरातला बिशप

डोक्यावर तळघराचं झाकण पडलं आणि भास्कर अंधारात कोळशाच्या ढिगावर बसला. वर सुलेखानं स्वैपाकघरातली खुर्ची ओढून झाकणावर ठेवली. तेवढ्यात बेल वाजली.

"हॅनोव्हरला गेलेत म्हणून सांग," खाली उतरताना त्यानं तिला बजावलं होतं. "काही झालं तरी मी घरात नाही."

"अहो, मामा आहेत ते. वाघ नाही."

पण दिनकरमामांना तोंडावर नाही म्हणणं त्याला जमलं नसतं. सुलेखाचे हे मामा म्हणजे नगरच्या ख्रिस्ती मंडळीतलं मोठं प्रस्थ. जीनिव्हाला चर्चच्या परिषदेला आले होते, ते वाट वाकडी करून इथे ग्योटिंगेनला येऊन टपकले. कशासाठी, ते उघड होतं. मंडळीला नवा बिशप हवा होता आणि त्यांना भास्करच हवा होता. त्यानं दोनदा नकार कळवला होता. मी लायक नाही, मला माझ्या अभ्यासात राहू द्या.

अभ्यास म्हणजे डॉक्टरेट. कितीतरी दिवस तो एकाच माणसात बुडाला होता. चौथ्या शतकातला, फ्रान्समधल्या तूर गावचा संत मार्टिन. लोक बिशप करायला आले तेव्हा हा हंसांच्या खुराड्यात लपला, अशी गोष्ट जर्मनीत शेंबडं पोरही सांगतं. हंसांनी कलकलाट केला, लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं. बिशप झाल्यावरही तो झोपडीतच राहिला, आल्यागेल्याचे पाय धूत राहिला. भास्करला ते पाय धुणं आवडायचं. लपणं त्याहून आवडायचं.

मामा नेमके त्याच खुर्चीवर बसले. फळी करकरली. भास्करच्या कॉलरमध्ये धूळ पडली.

"कुठंय आमचा संत?"

"हॅनोव्हरला. लायब्ररीत."

मामांनी आधी बर्लिनच्या नव्या भिंतीची चौकशी केली. मग सुलेखाची.

"हॉस्पिटलात नोकरीला जाते, मामा. उद्यापासून ऑपरेशन थिएटरात घेतायत मला. शिकवणार आहेत."

"अरे वा! भास्कर काय म्हणाला?"

"छान म्हणाले." तिनं केकची बशी पुढे सरकवली. "पुस्तकातून मान वर न करता."

मामा हसले. मग कपात चमचा फिरवत राहिले.

"तो नाहीये ते बरंच झालं. तोंडावर बोलायला जड गेलं असतं. मंडळी कंटाळली गं. लोक म्हणतात, ज्याला नको त्याच्या गळ्यात कशाला मारायचं? मोहनचं नाव पुढे आलंय."

खाली भास्कर ताठ झाला. मोहन! त्याच्याच वर्गातला! प्रवचन सुरू केलं की सगळ्यांच्या आधी स्वतःच जांभई देणारा मोहन!

"मोहनभाऊ चांगले आहेत," सुलेखा म्हणाली.

"चांगला आहे. हुशार नाही, पण हाक मारली की येतो." मामांनी चहा भुरकला. "मी म्हटलं, शेवटचं विचारून घेतो. भास्कर हो म्हणाला तर भास्कर. नाहीतर स्टेशनवरून तार करतो, मोहनला घ्या म्हणून, आणि विषय संपवतो."

भास्कर श्वास धरून वाट बघत राहिला. आता मामा म्हणतील, छे, भास्करशिवाय कसं व्हायचं!

मामांनी आणखी एक केकचा तुकडा मागितला.

संतांच्या चरित्रात लोक येतात, रडतात, हात धरून ओढून नेतात. हे लोक सरळ पुढच्या घरी निघाले होते. आणि तेव्हा त्याचं त्यालाच कळलं. तो नाही म्हणाला होता, ते त्यांनी तिसऱ्यांदा विचारावं म्हणून. बिशपचा झगा मनातल्या मनात त्यानं कधीच घालून बघितला होता. अंगात नीट बसलाही होता.

त्यानं दोन्ही हातांनी झाकण वर रेटलं. वर मामा होते, झाकण कसलं हलतंय. ओरडावं? हा काळा चेहरा घेऊन मामांसमोर यायचं? आणि हॅनोव्हरचं काय सांगायचं? नाही. सुलेखाला नुसतं कळायला हवं. ती काहीतरी करून मामांना बाहेरच्या खोलीत नेईल.

त्यानं फळीवर ठोकलं. मग आणखी जोरात ठोकलं.

वर मामांनी बशी खाली ठेवली.

"खाली कोण आहे गं?" मामांनी विचारलं.

फटीतून त्याला सुलेखाचे पाय दिसले. ते चालत झाकणापाशी आले आणि थांबले. तिनं ओळखलं होतं. भास्करनं सुटकेचा श्वास सोडला.

"उंदीर आहेत, मामा," ती म्हणाली. "तुम्ही मोहनभाऊंचीच तार करा."