मूळपुरुषाची पाटी

नेब्रास्कातल्या आमच्या काउंटीच्या मूळपुरुषाचा पुतळा तयार होता. हात पश्चिमेकडे, नजर थेट भविष्यात. फक्त त्याची डायरी म्युझियममध्ये कुणाला वाचता येत नव्हती, कारण ती जोडून काढलेल्या जुन्या इंग्रजी अक्षरांत होती. म्युझियमचा तरुण अध्यक्ष ट्रॅव्हिस, मूळपुरुषाचा खापरपणतू, छापील तेवढंच वाचतो. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारावं, हे त्याला सुचलं नाही. मिरजेच्या शाळेत छड्या खाऊन तेच वळण गिरवलेली मी तिथे तिकिटं फाडत होते, म्हणून डायरी माझ्याकडे आली.

मी मोठ्याने वाचलं, “पश्चिमेला ओरेगॉनकडे जायचा रस्ता पुन्हा चुकलो. हॅना बैलगाडीतून उतरली. म्हणते, तुमच्या भरवशावर आता एक पाऊलही टाकणार नाही. तिने इथेच चूल मांडली. नाइलाजाने थांबलो.”

ट्रॅव्हिसने एकदा पुतळ्याच्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाला, “डायरी वाचण्याजोगी उरलेली नाही, असं सांगू या. तुम्ही आपली पुतळ्याखालची पाटी लिहा. ह्याच जुन्या वळणात, शोभून दिसेल.”

मी शोभेलसंच लिहिलं: ‘ही काउंटी हॅनाने वसवली. हा तिचा नवरा. अजून रस्ता शोधतोय.’

अनावरणाच्या दिवशी ट्रॅव्हिसने पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. तेव्हापासून गावातल्या म्हाताऱ्या काठी टेकत येतात, पाटी सावकाश वाचतात आणि ट्रॅव्हिसचा हात हातात घेऊन म्हणतात, “बरं झालं बाबा, तुझ्या घराण्यात कुणीतरी खरं बोललं.”

तो नम्रपणे मान झुकवतो.