शनिवारचे दोन तास

शाळेच्या हॉलमध्ये तीस-पस्तीस आईबाप पोरांना घेऊन मुलांच्या बुटक्या बाकांवर अंग चोरून बसले होते. स्काउट पथकाच्या बाई समोर उभ्या राहून माहिती सांगत होत्या. सहा ते नऊ वर्षांची मुलं. दर शनिवारी दुपारी तीन ते पाच. वर्षातून एकदा चार दिवसांचं शिबिर. अर्जावर आई आणि वडील, दोघांच्याही सह्या हव्यात.

मुंगीच्या आईनं अर्ज हातात पडल्या पडल्या सही करून टाकली होती. शनिवारी नवऱ्याला सुट्टी असे, आणि शनिवारी दुपारी मुलगी घरात नसावी, एवढंच तिला हवं होतं. नवरा शेजारीच होता. तो विमा विकायचा. बोलायला इतका गोड, की येऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोवर पुढच्या-मागच्या दोन्ही बाकांशी त्याची ओळख झाली होती. पेन त्याच्या खिशाला होतं. "आधी बघू तर खरं," तो म्हणाला होता.

बाईंची एक पद्धत होती. पथकातल्या तयार मुलांची प्रात्यक्षिकं त्या अशा सभेत कधीच दाखवत नसत. नव्या मुलांपैकीच एकाला बोलवायचं, हातात त्रिकोणी कापड द्यायचं आणि म्हणायचं, या माणसाचा हात मोडलाय, गळ्यात बांध. मूल गडबडतं, कापड डोक्याला गुंडाळतं, आईबाप पोट धरून हसतात. मग बाई म्हणायच्या, "आता दोन महिन्यांनी याच मुलाला बघा." बारा वर्षांत हा डाव एकदाही फसला नव्हता.

"कोण येतंय?"

मुंगीनं हात वर केला आणि आईकडे पाहिलं. "जा," आई म्हणाली. चार लोकांत लेकीचं कौतुक झालं की हा खुशीत सही करेल, असं तिला वाटलं.

"आणि पेशंट?"

"अहो, बापाशिवाय कोण असणार!" नवरा उठलाच. पुढे जाऊन खुर्चीत बसला, हात लोंबता सोडून "मेलो, मेलो" करून कण्हला. हॉल हसला.

"काय करतेस ते मोठ्यानं सांगत कर हं, बाळ," बाई म्हणाल्या.

सात वर्षांची मुंगी. पण गडबडली नाही. तिनं कापड झटकलं, हाताखालून सारलं, टोक कोपराशी आणलं. बोलत होती ती पाढे म्हटल्यासारखी. "आधी कोपराला धरायचं. मनगटाला धरलं तर जास्त दुखतं. मग गाठ इकडे, बाजूला. मानेच्या मधोमध आली तर झोपताना टोचते."

कुणीतरी "वा!" म्हणालं. टाळ्या पडल्या. "बघा, आमच्या डॉक्टरीणबाई!" बाप खुर्चीतून म्हणाला.

"अजून संपलं नाही," मुंगी म्हणाली. "मग वरून शाल घ्यायची. आणि कुणी विचारलं तर बाथरूममध्ये पाय घसरला म्हणायचं."

मागच्या बाकावर एकजण हसला. आपण एकटेच हसतोय हे लक्षात आल्यावर थांबला.

बाईंनी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. मुंगीच्या आईनं डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली होती आणि ती जमिनीकडे बघत होती. बाईंना कळलं. कळून त्यांनी काय केलं, तर टाळ्या वाजवल्या. हात आपोआप वाजले, मेले.

बापाच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. त्यानं सावकाश गळ्यातली झोळी काढली, कापडाची नीट घडी घातली आणि बाईंच्या हातात दिली. "टीव्ही बघून बघून काय काय बोलतात हो ही पोरं," तो म्हणाला. त्याच्याशी ओळख झालेले दोन्ही बाक आपापल्या अर्जात डोकं घालून बसले होते, जणू त्यात फार अवघड काही विचारलं होतं. त्यानं बायकोच्या हातातला अर्ज घेतला, चार घड्या करून खिशात घातला. "चला," तो म्हणाला.

बाई फाटकापर्यंत धावत गेल्या. निदान तेवढं तरी त्यांनी केलं.

"अहो, अर्ज राहू द्या माझ्याकडे. सहीचं नंतर बघू. मुलगी हुशार आहे."

"तेच तर," तो स्कूटर काढत गोड आवाजात म्हणाला. "तिला सगळंच येतंय, बाई. तुम्ही आणखी काय शिकवणार?"

"ताई, तुम्ही तरी..." बाई मुंगीच्या आईकडे वळल्या.

"येते हं," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

मुंगीचा चेहरा मात्र फुलला होता. टाळ्या तिनं ऐकल्या होत्या. "बाई, माझा पहिला नंबर ना?"

"हो," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

मुंगी पळत जाऊन स्कूटरवर पुढे उभी राहायला लागली, बापाच्या दोन हातांच्या मधे, तिच्या नेहमीच्या जागी. आईनं एका हातानं तिला काखेत धरून उचललं. आईला दुखलं असावं, कारण तिनं ओठ आवळले. तिनं मुलीला सीटच्या अगदी शेवटी बसवलं, जिथे एवढ्या लहान पोरीला कुणी बसवत नाही.

"अगं, पुढे येऊ दे की तिला," नवरा हसत म्हणाला.

"नको," ती म्हणाली, आणि दोघांच्या मधे बसली.