गाडीची सोय

चौथं चाक निघालं तेव्हा कुठे थोरल्याला पटलं, की धाकटी नुसती धमकी देत नव्हती.

गॅरेजमध्ये गाडी टेकूच्या चार लोखंडी घोड्यांवर उभी होती, नेहमीपेक्षा चांगली वीतभर वर. धाकटीने चाक ढकलत भिंतीकडे नेलं आणि बाकीच्या तिन्हींवर रचलं. हात काळे, कपाळावर काळा फराटा. परवा तिचं विमान होतं. परदेशातल्या इस्पितळात दोन वर्षं नर्सची नोकरी. सामान अजून अर्धं भरायचं होतं, पण बाई सकाळपासून गाडीलाच लागल्या होत्या. टाकी काठोकाठ भरून आणली, कारण रिकाम्या टाकीला आतून गंज चढतो. बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवली. झाकायला नवं कव्हर आणलं. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला. नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती, आणि थोरल्याला नेमकं तेच झोंबत होतं.

"चाकं काढायची काय गरज होती?" त्याने दारातूनच विचारलं.

"एका जागी उभी राहिली की टायर बसतात."

"मी आठवड्यातून एकदा फिरवली असती, तर नसते बसले."

"तू फिरवली असतीस, म्हणूनच काढली."

तिने पाना फडक्याने पुसला. थोरला आत आला. भांडायचं असलं की तो जवळ येऊन उभा राही, लहानपणापासून.

"गाडी तुझ्या पैशाची आहे, हे किती वेळा ऐकवणार आहेस?"

"मी कुठे काय बोलले? गेल्या वर्षी आठ दिवस दिली होती, तर दार चेपवून आणलंस. वर मलाच म्हणालास, आधीपासूनच होतं."

"होतंच."

"हो का? खोटं बोलताना निदान दुसरीकडे तरी बघ, दादा."

आता थोरल्याने आईला पुढे केलं. आई म्हणजे या दोघांचा हुकमाचा एक्का. भांडण हरायला आलं, की ज्याला आधी आठवेल त्याने टाकायचा. तिच्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन द्यावं लागे. ते चुकवलं तर उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं.

"मग आईला दवाखान्यात कशाने नेऊ मी? पाठुंगळीला घेऊन?"

"टॅक्सी मिळते."

"टॅक्सीत ती घाबरते. कुठे चाललोय ते दिसत नाही तिला."

"अरे वा, माहितीय म्हणजे तुला! गेल्या महिन्यात मी ड्युटीवर होते. गाडी इथे होती, किल्ली खुंटीला होती. नेलंस?"

"मीटिंग होती माझी."

"दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येऊन मीच नेलं. डॉक्टरांची बोलणीही मीच खाल्ली. तुला गाडी हवीय ना, मग सरळ गाडी हवीय म्हण. आईला कशाला मध्ये आणतोस?"

"आणि तू कोण लागून गेलीस? तू तर तिला सोडूनच चाललीयस!" थोरल्याचा आवाज चढला. समोरच्या घराची खिडकी उघडली, तरी त्याला पर्वा नव्हती. "घोड्या काय, कव्हर काय, बोळे काय! गाडीची एवढी सोय केलीस. आईची काय केलीस?"

हे वर्मी लागलं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचा तिला इतका राग आला, की तिने पाना जमिनीवर आपटला.

"आईला तुझ्या भरवशावर टाकून चाललेय, तेवढी चूक पुरे आहे. गाडी नाही टाकणार!"

"जीभ आवर."

"नाहीतर काय करशील?"

थोरल्याने चाकांच्या ढिगाला लाथ घातली. वरचं चाक घरंगळत आलं आणि धाकटीच्या पायाशी आडवं झालं. तिने ते उचललं नाही. दोघंही धापा टाकत एकमेकांकडे बघत राहिले. मारामारीच व्हायची बाकी होती.

तेवढ्यात घराकडचं दार उघडलं.

आई भिंतीला हात लावत पायरी उतरली. अंगावर इस्त्रीचे कपडे, डोळ्यांना काळा चष्मा, खांद्याला पर्स. केस नीट बांधलेले.

"किती वेळ तोंडं चालवायची ती? गाडी झाकायची ती आल्यावर झाका. उशीर झाला तर डॉक्टर उठून जातील."

इंजेक्शनचा दिवस आजचाच होता. इतका वेळ दोघं तिच्यावरून भांडत होते आणि दोघांच्याही डोक्यातून ते साफ गेलं होतं.

धाकटीने आपल्या काळ्या हातांकडे पाहिलं. थोरल्याने आडवं पडलेलं चाक पायाने बाजूला सारलं. गाडीला चाकं नाहीत हे आईला सांगायचं कुणी, यावरून भांडायलाही आता दोघं धजत नव्हते.

आई गाडीला चाचपत मागच्या दारापाशी आली. दार उघडून तिने पाय उचलला. तो पोचला नाही. तिने पुन्हा उचलला, गुडघा हाताने वर घेतला आणि टपाला धरून मोठ्या कष्टाने स्वतःला आत ओढलं.

"गाडी आज उंच का लागतेय गं?"

तिने पर्स मांडीवर घेतली आणि दार ओढून लावलं. घोड्या किंचित करकरल्या. मग ती दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली,

"हं. कोण चालवतंय?"