मेहुण्याचा टर्बो

"दाजी, मला मोठाच टर्बो हवा," मेहुणा विराज जयवंतच्या गॅरेजात हट्टाला पेटला.

जयवंत समजावून थकला. "अरे, आधी क्लच आणि गिअरबॉक्स दणकट करू. टर्बोने वाढलेला इंजिनाचा जोर त्यांना झेपणार नाही."

विराजने फणकाऱ्याने दुसरीकडे जाऊन टर्बो बसवला. "माझ्या भावाचं मन राखवलं नाही तुम्हाला," म्हणत जयवंतच्या बायकोनेही अबोला धरला.

रविवारी घाट चढताना विराजच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला. फोन येताच जयवंत निघाला. काय काय सुनवायचं ते वाटेत ठरवत होता. पण मागे घरंगळून दरीच्या कठड्याला टेकलेली गाडी दिसली आणि तो धावतच सुटला. त्याने विराजला घट्ट मिठी मारली.

"दाजी," विराज म्हणाला, "आता गिअरबॉक्स नवाच टाकायचाय, तर टर्बो अजून मोठा चालेल ना?"

जयवंतने मिठी सोडली आणि कपाळावर हात मारला.