सरदारांचा ताठा

“टाचेवर! पुन्हा टाचेवर गेलीस!” नवऱ्याने लेकीवर ओरडत हातातली काठी जमिनीवर आपटली आणि तिने पियानोवरचे हात उचलले. सकाळपासून तीच एक धून वाजवून तिची बोटं विटली होती.

सायकलच्या दुकानावरचा तो हॉल. आरशासमोरच्या लाकडी दांडीला धरून लेक उभी होती, घामाने चिंब आणि रागाने लाल. उद्या शहरातल्या बॅले कंपनीत तिची परीक्षा होती. याआधी दोनदा तिला परत पाठवलं होतं, आणि कारण दोन्ही वेळा तेच. ही मागे रेलून उभी राहते.

“हा रुबाब तुझ्या बाबांना शोभायचा,” तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या होत्या. “तू रांगेत नाचायला आली आहेस. रांगेत मिसळायला हवीस. आता शेवटचं बघते.”

“पुढे ये! वजन बोटांवर!”

“येतेय ना बाबा! अजून किती पुढे येऊ? तोंडावर पडू?”

“पड! पण मागे नको!”

“अहो, जरा श्वास तरी घेऊ द्या तिला.”

“तू वाजव.”

तिने वाजवलं. दुसरं काय करणार? या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. तिच्या माहेरच्यांनी पहिल्याच भेटीत त्याचं नाव ‘सरदार’ ठेवलं होतं. दवाखान्याच्या रांगेतसुद्धा तो छाती काढून, खांदे मागे टाकून उभा राहायचा, जणू इमारत त्याच्या वडिलांनी बांधलेली. बॅलेच्या चमूबरोबर दौऱ्यावर आला, चमूची बस सुटली तेव्हा हॉटेलच्या धुण्याच्या खोलीत लपून राहिला, आणि नेसत्या कपड्यांनिशी या देशाचा झाला. “अंगावर धड कोट नाही, पण ताठा बघा!” तिची आई म्हणायची. सुरुवातीला ती नवऱ्याची बाजू घ्यायची. पुढे तीही हसायला लागली. आता तर नुसता वैताग यायचा. मायदेशाचा विषय घरात काढायचा नाही, हा त्याचा आणखी एक हट्ट. “गेलं ते गेलं. मी तिथलं काही बरोबर आणलेलं नाही,” एवढं बोलून तो जेवणावरून उठून जायचा.

लेकीने गिरकी घेतली. थांबली, आणि अंग मागे गेलं.

“दगडाला शिकवलं असतं तर तोही एव्हाना सरळ उभा राहिला असता!”

लेकीने पायातला बूट काढला आणि भिरकावला. तो खिडकीखाली जाऊन पडला, आणि तिला रडू फुटलं. “मी उद्या जाणार नाही. उद्याच काय, कधीच जाणार नाही. तुमच्याकडे बघूनच शिकले ना मी? मग हे आलं कुठून?”

“माझ्याकडून? मी असा उभा राहतो?”

“नाही तर कसा राहतोस?”

हे बोलली त्याची थोरली बहीण. खिडकीजवळच्या खुर्चीत, शाल गुंडाळून. एके काळी तीही मायदेशात त्याच्याच थिएटरात नाचायची. भाऊ पळाला आणि तिथल्या सरकारने तिचं नाचणं बंद केलं. इतक्या वर्षांनी तिला पहिल्यांदाच इकडे येता आलं होतं. आल्यापासून भावाच्या धाकाने ती जुनं काही बोलली नव्हती. सगळ्यांना वाटलं होतं, म्हातारीला डुलकी लागली आहे.

“वन्सं, तुम्ही तरी सांगा यांना,” ती म्हणाली.

“काय सांगू? पोरीचं काही चुकत नाही गं. आपल्या थिएटरात उभी केली तर ओळंब्यात, अगदी सरळ दिसेल.” मग ती भावाकडे वळली. “अरे, आपला रंगमंच प्रेक्षकांकडे उतरता होता. मागच्या रांगाही दिसाव्यात म्हणून. विसरलास? पहिल्या दिवशी गडगडत थेट वादकांच्या अंगावर गेला होतास. मग मास्तरांनी काठी पाठीला लावून तुला मागे रेलायला शिकवलं. इथली जमीन सपाट आहे रे. तुम्ही दोघं अजून त्या उतारावर उभे आहात.”

खाली दुकानात कोणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं.

तो आरशाकडे बाजू करून उभा राहिला. मान वळवून त्याने स्वतःकडे पाहिलं. हळूच अंग पुढे आणलं, सरळ केलं, आणि तोल जाऊन दांडीला धरलं.

ती पियानोमागून बघत राहिली. ताठा कसला! इतकी वर्षं हा माणूस घसरू नये म्हणून तसा उभा होता. रांगेत, दारात, तिच्या आईसमोर.

लेक रडायची थांबली. आत्याने शाल सारखी केली.

“ऊठ,” तो बायकोला म्हणाला. आवाजात काठी नव्हती. “तू इथल्या जमिनीवर वाढलीस. जरा अशी मध्ये येऊन उभी राहा. आम्हा दोघांना शिकायचंय.”