मरणोत्तर मुलाखत

गोंधळविधीवरच्या ग्रंथाच्या तळटीपा लावता लावता वैजयंतीचा हात थबकला. 'अंबादास पाचंगे, मुलाखत', आणि तारीख गेल्या मंगळवारची. अंबादास म्हणजे तिचे गोंधळी वडील; त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचं मन विद्यापीठाच्या स्मृतिकोशात ठेवायला तिनंच सही दिली होती. पुढे मात्र ती तिकडे कधी फिरकली नव्हती. नियमाप्रमाणे तिनं नावापुढे 'मरणोत्तर' असं घातलं. खाली त्यांचं बोलणं होतं: "माझी लेक आली का?"

तेवढ्यात ग्रंथाच्या लेखकांचा फोन आला. "मॅडम, ते वाक्य गाळून टाका. म्हातारा दर वेळी तेच विचारतो."

"मग तुम्ही काय सांगता?" तिनं कसंबसं विचारलं.

"बाहेर बसलीय म्हणतो. त्याशिवाय तो गातच नाही."